पाकतात्या

दुसऱ्याच्या हातातली थंडपेयाची बाटली हिसकावून मोरीत ओतायची आणि रिकामी बाटली त्याला मानानं परत द्यायची, हा आमच्या किसनतात्यांचा छंद. वर म्हणायचं, "ढोस बे पाक!"

तात्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात उसाच्या रसाची गोडी मोजायचे. मी तिथंच कारकून. ज्या गोडावर पगार, त्याच गोडावर दात! असला आगाऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही पाठीमागं त्यांना पाकतात्याच म्हणायचो.

दुष्काळात चेअरमनसाहेबांच्या मुलीचा साखरपुडा निघाला. टँकर आलाच नाही, म्हणून पाहुण्यांना पाण्याऐवजी थंड बाटल्या वाटल्या. तात्यांनी एक उचलली, आचाऱ्याच्या कढईत ओतली आणि आटवत बसले. फेस गेला, पाणी गेलं, तळाला काळा चिकट पाक उरला. तो ताटलीत घेऊन हे महाशय साहेबांसमोर उभे.

"चाटा."

साहेब हसले. "तात्या, साखर आपलीच असंल त्यात. माल खपतोय की!"

"माल खपतोय, आन माणसंबी खपत्यात!"

नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. साहेबांनी मला नजरेनं खुणावलं. मी तात्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं आणि तडक घरी नेलं, वहिनींपुढं त्यांची खरडपट्टी काढायला.

वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. एका पायाला पट्टी. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या हसल्या.

"मागल्या दुष्काळात हिरीचं पाणी लई मचूळ झालतं, भाऊजी. घशाखाली उतरंना. हे रोज कारखान्यावरनं येताना आष्टीहून माझ्यासाठी बाटली आणायचे. मला लई आवडायची. मग शुगर निघाली. औंदा पायाची दोन बोटं काढली. डाक्टर म्हणले, नुसत्या बाटलीनंच झालं असं न्हाई, तुमच्या आईलाबी व्हती. पण ह्यांना पटतच न्हाई."

तात्या खांबाकडं बघत उभे होते.

"चप्पल द्या हो," वहिनी म्हणाल्या. "मारुतीला जाऊन येते."

तात्यांनी चप्पल उचलली. आत हात घालून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सावकाश चाचपली. बारका खडा निघाला, तो अंगणात फेकला.

"शुगरमुळं खडा टोचला तरी तिच्या पायाला कळत न्हाई बे," ते मला हळूच म्हणाले, आणि दुसरी चप्पल हातात घेतली.