मेश्रामभाऊंची हजेरी

मेश्रामभाऊ लग्नाला गेले की नवरा-नवरीला बघायच्या आधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधतात. ती सापडली की तिच्याजवळची खुर्ची पकडतात आणि मगच जेवणाची चौकशी करतात.

कारखान्यातल्या आमच्या स्टोअरच्या ऑफिसात आगीपासून सगळ्यांना वाचवायचे काम त्यांच्याकडे आहे. कोणी दिले ते विचारू नका; बहुधा त्यांनीच घेतले. जिन्यात खोके दिसले की सुरू. "हा जिना हाय का कबाडखाना? आग लागली त उडून जासान का जी?" अधूनमधून ते आम्हाला बाहेर कडुनिंबाखाली उभे करून नावानिशी हजेरी घेतात. आम्ही "हाजीर!" ओरडून शाळकरी पोरांसारखे खिदळतो.

यंदा विश्वकर्मा पूजेला आमची भक्ती उतू गेली. भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरलाही हळदकुंकू वाहिले आणि पूजेतला मौलीचा लाल धागा गुंडाळला, पिनेसकट, पक्क्या गाठी मारून. थोड्या वेळाने उदबत्तीने पताका पेटली आणि पताकेने पडदा. मी पिन ओढतोय, ती हलेना!

"थो सोडा! आधी भायेर व्हा सारे!" म्हणत मेश्रामभाऊंनी जिन्यातला सिलिंडर आणला आणि आग विझवली. धूर मात्र कोंडून राहिला.

कडुनिंबाखाली हजेरी झाली. आमच्या ऑफिसातल्या कडू मॅडम नव्हत्या, फोनही उचलत नव्हत्या. आम्ही अडवायच्या आत मेश्रामभाऊ तोंडाला ओला रुमाल लावून धुरात शिरले. "मॅडम! ओ मॅडम!" आतून त्यांचे खोकणे ऐकू येत होते. ते एकटेच बाहेर आले, डोळे लालभडक. तेवढ्यात मॅडमचाच फोन आला. प्रसाद घेऊन त्या केव्हाच वैशाली नगरला घरी पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या माफी मागायला आल्या. आता प्रवचन होणार म्हणून आम्ही कान टवकारले.

"जातानी सांगून जात जा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "माही घरवाली बी न सांगताच गेली. मी ड्युटीवर होतो. घरी आलो, त अंगनात मानसं जमलेले."

मॅडमचे डोळे भरून आले. माझेही.

जुनवानीतल्या घरी ते एकटेच राहतात. संध्याकाळी ते निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, घरी पोचले की फोन करजा."

"मले म्हनून राहिल्या?"

"तुमालेच."

ते हेल्मेटचा पट्टा उगीच लावत-काढत राहिले. मग "हव" म्हणून गेले.

घरी पोचल्यावर त्यांनी मॅडमना फोन केला, मग मला, मग ऑफिसातल्या एकेकाला. "पोचलो जी," एवढेच सांगत होते.