सागवानी शोकेसच्या तिसऱ्या भोकाची मोहीम

गजाननाचे स्मरण करून, हैदराबादेत चिक्कडपल्ली मुक्कामी जे रण माजले त्याचे साद्यंत वर्तमान लिहिले असे. वाचणाराने हसू दाबून वाचावे.

शके एकोणीसशे चौदा. बाजार खुला जाहला आणि राजश्री एकनाथराव, वीजखात्याचे हेडक्लार्क, यांचे घरी केबलची वायर दाखल जाहली. सौभाग्यवती भामाबाईंचे बापाने निर्मळ गावचे साग आणोन स्वहस्ते घडविलेले शोकेस त्यांसी लग्नात दिधले होते, त्याचे पाठीस रावसाहेबांनी भोक पाडिले. बाईंस वाटले, गिरमिट आपलेच पाठीत फिरले. मग शके एकोणीसशे एकवीस, सीडी प्लेयर लाल, पांढरी, पिवळी ऐशी तीन शेंड्यांची फौज घेऊन आला. टीव्ही वरचे कप्प्यात, प्लेयर खालचे, म्हणोन मधल्या फळीस दुसरे भोक जाहले. दोन्ही वेळी नारायणगुड्याचे दुकानदाराने शपथ वाहिली, "ये आखरी वायर है साब, इसके बाद नक्को." तीच शिळी शपथ रावसाहेबांनी घरी येऊन बाईंस वाहिली.

मग शके एकोणीसशे तीस. चिरंजीव संदेशचा साखरपुडा जाहला आणि त्याचे चित्रण पाहावयास व्याही नामदेवराव विद्यानगराहून सायंकाळी येणार, म्हणोन सपाट टीव्ही आला, आणि नवा प्लेयर आला, आणि एचडीएमआय नामे वायर आली. चित्र आणि आवाज एकाच पालखीत, ऐसा तिचा तोरा. परंतु डोके ऐसे रुंद की मधल्या भोकात शिरेना. रावसाहेबांनी टोक बदलिले, तो दुसरेही तैसेच निघाले. मग भोकास तूप चोपडिले, मग देवाचे नाव घेतले, मग गिरमिट मागविले.

ते समयी बाई शोकेसला पाठ लावून उभ्या ठाकल्या.

"आधी मला पाडा भोक. माझ्या बापानं शोकेस दिलंय, चाळणी नव्हे."

रावसाहेबांनी अर्ज गुदरला की व्याह्यांपुढे नाक जाईल.

"मग नाकातूनच घाला वायर."

आणि बाईंचे फर्मान सुटले की प्लेयराने शोकेसबाहेर स्टुलावर बसावे आणि वायर टीव्हीचे बगलेतून न्यावी. सोळा वर्षांत ही मसलत रावसाहेबांचे डोक्यात आली नव्हती. चित्र उमटले, आवाजही आला.

नामदेवराव आले, आणि पडद्यावर अंगठी चढत असता पडद्याकडे न पाहता सागवानावर हात फिरवीत बसले.

"विहीणबाई, हे काम कुणाचं हो?"

"माझ्या वडलांचं."

बाईंनी एकेक खाच, एकेक सांधा दाखविला. आणि मधली फळी आली तेव्हा रावसाहेब भोकावर तळहात ठेवून ऐसे उभे, जणू बुरूज लढवितात.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. भोके दोन, तिसरे नाही. प्लेयराचे रिकामे कप्प्यात बाईंनी गिरमिट ठेविले आणि कुलूप घातले. त्यानंतर आणखी किती आखरी वायरी आल्या; किल्ली अद्याप बाईंचे कमरेस आहे.