वानखडेंचं टेबल

आमच्या शेजारचे वानखडे वाटीभर कढी आणून दिली तरी पोच मागतात. वही पुढे करतात, "मॅडम, सही करा, तारीख टाका," आणि तारीख तपासून मगच वाटी हातात देतात. मुलांनो, मागच्या डिसेंबरात तुम्ही अमरावतीला माझ्याकडे आला होतात, तेव्हा त्यांनी तुमच्याकडूनही बोरांची पोच घेतली होती. तेच हे.

त्यांची सारी नोकरी अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर गेली. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण बोलणं अजून पत्रासारखंच आहे. दारात उभे राहून आधी विषय सांगतात, मग संदर्भ. "विषय, विरजण. संदर्भ, तुमचं कालचं बोलनं." फोनवर कुणी "बघतो" म्हणालं की ते उखडतात. "बघतो मंजे काय? कोन बघते? कवा बघते?"

त्यांच्या पत्नी सुशीलाताईंना तीन वर्षांपासून डिमेन्शिया आहे. आठवणीतून अलीकडचं आधी गेलं, मग मुलगा, मग संसार, मग नवरा. अकोल्यातलं माहेर तेवढं लख्ख उरलं आहे. त्या स्वतःला सुशीला गावंडे समजतात, कॉलेजात जाणारी मुलगी. दार उघडं दिसलं की अकोल्याला निघतात.

गेल्या वर्षी एकदा त्या एसटी स्टँडवर सापडल्या. पोलिसांनी नाव विचारलं, त्यांनी माहेरचं सांगितलं, पत्ताही माहेरचाच. अकोल्याला निरोप गेला. तिकडून उत्तर आलं, या पत्त्यावर असं कुणी राहत नाही. तोवर वानखडे दुसऱ्या ठाण्यात सासरच्या नावाने तक्रार लिहून देत होते. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत नवरा-बायको एकाच शहरात दोन ठाण्यांत बसून होते.

पुण्याहून मुलगा आला. "पुन्हा एकदा असं झालं, की मी आईला तिकडच्या संस्थेत ठेवणार," म्हणाला. वानखडे त्याच्याशी वाद घालू शकले नाहीत. मुलाचं म्हणणं रास्त होतं.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले. दवाखान्यात तपासणी एका वारी, दिव्यांग प्रमाणपत्र दुसऱ्या वारी. समाजकल्याणला ते प्रमाणपत्र आधी हवं. आरोग्यसेविका घरी येईल, पण यादीत नाव हवं. यादी महापालिकेत. पोलिसांना फोटो हवा, एसटीवाल्यांना पोलिसांचं पत्र. दोन महिने ते फिरत होते.

"सगळे खरंच बोलून राहिले, मॅडम," एकदा पायरीवर बसत ते म्हणाले. "पन एकाच्या खऱ्याची दुसऱ्याले प्रत नाही."

मग त्यांनी पाच कार्यालयांना पाच पत्रं लिहिली. विषय, विसर पडणाऱ्या रुग्णांसाठी एकत्र बैठक. ठिकाण, आपल्या गल्लीतलं वाचनालय. प्रत्येक पत्रात एक वाक्य होतं: उर्वरित चारही कार्यालयांचे प्रतिनिधी उपस्थित राहत आहेत. टायपिंग तपासायला मला दिलं होतं.

"चौघांनी होकार दिलाय?"

"कोनीच नाही."

"मग हे खोटं झालं."

"मॅडम, तुमी इंग्रजी शिकवलं, हापिस नाही पाह्यलं. सरकारी मानूस बोलावल्यानं येत नाही. बाकीचे आले अन् आपलंच नाव गैरहजर लागलं, या धाकानं येते."

बैठकीच्या मंगळवारी अकराला वाचनालयात एक टेबल, पाच खुर्च्या आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले वानखडे होते. औषधाच्या दुकानदाराने निरोप दिलेल्या, असाच रुग्ण असलेल्या सात घरची माणसं भिंतीला टेकून बसली होती. साडेअकरापर्यंत खुर्च्या रिकाम्या होत्या. वानखडे दहा वेळा बाहेर जाऊन आले. मग आरोग्यसेविका आली. तिला पाहून दारातच घुटमळणारा हवालदार आत आला. बारापर्यंत पाचही खुर्च्या भरल्या, आणि प्रत्येकाने आधी इतर चौघांकडे पाहून घेतलं.

त्या दिवशी गळ्यात घालायचं एक कार्ड ठरलं. त्यावर माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं, घरचा फोन, आणि नोंदीची प्रत पाचही ठिकाणी. दर महिन्याला बसायचं, हे हवालदारानेच सुचवलं. पुढच्याच महिन्यात सुशीलाताई पुन्हा अकोल्याच्या गाडीत जाऊन बसल्या. कंडक्टरने कार्ड वाचून फोन केला आणि अर्ध्या तासात त्या घरी होत्या. मुलाने पुण्याचा विषय काढणं सोडलं.

परवाच्या बैठकीला मी सुशीलाताईंना घेऊन गेले होते. टेबलावर नवीन क्लार्क मुलगी होती. तिने वानखडेंना विचारलं, "काका, पेशंटशी नातं?"

'नवरा' हा शब्द ऐकला की सुशीलाताई घाबरतात, रडतात. वानखडेंनी आवाज खाली आणला. "शेजारी लिवा."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. वानखडे भिंतीलगतच्या लोकांची नावं वहीत उतरवू लागले.

सुशीलाताई माझ्या कानाशी वाकल्या. "हे साहेब रोज चा करून देतात मले. यायचं लगन झालं काय हो?"

"झालंय," मी म्हणाले.

"बायको कशी हाय?"

वहीतून मान वर न काढता वानखडेच बोलले.

"चांगली हाय. सध्या तिची अकोल्याले बदली झाली. मीबी तिकडचा अर्ज टाकून राहिलो."