आधी एवढा एक कप्पा

हातातले काम संपवल्याखेरीज गप्पांना बसू नये, अशी माझी शिस्त आहे. (मी जुन्या काळची मॅट्रिक. आमच्या वेळी आळस हा विषय ऐच्छिकही नव्हता.)

हिवाळ्याच्या सुटीत लेक एकटीच येणार होती. फोनवर म्हणाली, "आई, या खेपेला तुझ्याशी निवांत बोलायचंय. महत्त्वाचं आहे." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

ती आली, बॅग ठेवली आणि माझ्याजवळ टेकली.

"आई, ऐक ना..."

"ऐकते गं. आधी एवढा एक कप्पा आवरू. तुझे कपडे नीट लागले की सुटी मोकळी."

कप्पा आवरताना कपाटाच्या पाठीला वाळवी दिसली. वाळवी पाहूनही स्वस्थ बसणारी माणसे जगात असतात. त्यांपैकी एकाशी माझा विवाह झालेला आहे. "सुटी संपल्यावर बघू," असे म्हणून हे गॅलरीत उन्हाला खुर्ची टाकून बसले.

मी कपाट रिकामे केले. सामान प्रथम पलंगावर, पलंग भरल्यावर जमिनीवर आणि जमीन संपल्यावर बाहेरच्या खोलीत गेले. मग सुतार बोलावला.

"काकू, हे बाहेर काढावं लागेल. पण दारातून निघणार नाही."

"मग आत कसं आलं?"

"ते आणणाऱ्याला विचारा."

आणणारे गॅलरीत होते. त्यांना काही आठवत नव्हते.

तरीही मी हट्ट सोडला नाही, आणि कपाट दारात पाचरीसारखे बसले. मी आत, लेक बाहेर. सुतार करवत आणायला गेला, तो जेवूनच परतला.

"आई, आता तरी बोलूया?" फटीतून आवाज आला.

"महत्त्वाचं असं फटीतून बोलतात का? जा, बाबांजवळ बस जरा."

(वास्तविक मला सवड होती ती तेव्हाच, परंतु संभाषणाला काही रीत असते.)

कपाट अखेर निघाले, पण चौकटीसकट. मग वाळवीचे औषध मारून कपाट परत आत, मग नवी चौकट, मग चौकटीला रंग, आणि तो रंग जुळेना म्हणून भिंतींना रंग. लेक रोज सकाळी "आई" म्हणे, मी "एवढं झालं की" म्हणे, आणि ती चहा घेऊन गॅलरीत जाई. सुटीची जात दुधाची. समोर उभे राहून डोळ्यांत तेल घालून पाहावे, आणि क्षणभर मान वळवली की सगळी ओट्यावर.

शेवटची घडी कपाटात गेली तेव्हा मी हात पुसले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "हं, बोल आता."

"आई, गाडी आलीये खाली."

तिला निरोप देऊन मी गॅलरीत आले.

"अहो, तिला काय बोलायचं होतं, काही कळलं का?"

"सगळं कळलं. रोज तेच तर चाललं होतं."

"मग सांगा की."

"नोकरी सोडून इकडे यायचं म्हणतेय. कायमची. आपल्याच घरात."

माझे डोळे भरून आले. "मग ठरलं काय?"

"तिची एकच अट आहे, तीही तुला. बस, सांगतो."

"बसते हो. आधी एवढे दोन कप विसळून आले."

परत येऊन पाहते, तो ह्यांचे तोंड उघडे होते खरे, पण घोरण्यासाठी.