टुल्मर घराण्याचे घागकाका

"पाचशे वर्षांपूर्वीची ऊर्सुला तुला ठाऊक आहे काय रे?" घागकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नुकताच साताऱ्याहून सौदीतल्या खमीस मुशैतच्या कॅम्पात स्टोअरकीपर म्हणून आलो होतो. हातातली बॅग अजून खाली ठेवली नव्हती. समोर लुंगी आणि कानटोपीतला पंचावन्नचा पाइपफिटर उभा, आणि खोलीत आम्ही दोघंच. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे दहावीचे गणिताचे मार्क आठवले.

ऊर्सुला फॉन टुल्मर घराण्यातली. कुठे दक्षिण जर्मनीतलं ते घराणं आणि कुठे गुहागरकडचे घाग! पण कॅम्प सोडून गेलेल्या एका ऑस्ट्रियन इंजिनिअरच्या केबिनमध्ये काकांना या घराण्याचा जाडजूड इंग्रजी इतिहास सापडला. फोनचा कॅमेरा एकेका पानावर धरून, त्याचं मोडकंतोडकं मराठी करत त्यांनी तो चार वर्षांत संपवला आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून धरला. मिठाचे व्यापारी असलेले टुल्मर आपल्या शहराच्या कौन्सिलात कसे शिरले, पिढ्यान्‌पिढ्या तिथून कसे हलले नाहीत, आणि शेवटी सम्राटाला घोडे पुरवून उमराव कसे झाले, हे सगळं ते शेजारच्या वाडीतली भानगड सांगावी तसं सांगत. चर्चातल्या पहिल्या बाकावर कोणी बसायचं यावरून दोन घराणी तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नव्हती, हे सांगताना तर त्यांचा चेहरा उजळायचा. "कौन्सिल म्हणजे काय? गावकीच ती," असं वर म्हणायचे.

जेवणात मीठ कमी पडलं की काका ताटावरून म्हणत, टुल्मरांकडे हे खपलं नसतं. चपला दारात आडव्या पडल्या तरी तेच. एकदा आमचा मलबारी आचारी घाबराघुबरा होऊन स्टोअरमध्ये आला आणि हे टुल्मरसाहेब इन्स्पेक्शनला नक्की कधी येणार म्हणून हळूच विचारू लागला. दोन दिवस त्याने किचन घासून काढलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

खरा धक्का मात्र गेल्या वर्षी बसला. काकांच्या गावात शिमग्याला पालखी देवळातून निघताना पहिला खांदा घागांचा. हा मान काकांच्या थोरल्या पातीकडे, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेकडे. पण आमच्या प्लँटचं शटडाऊन नेमकं फाल्गुनात, तेव्हा पाइपफिटरला रजा कोण देणार? सोळा वर्षं काकांच्या जागी त्यांचा चुलतभाऊ खांदा देत होता. आता त्याने गावकीत विषय काढला होता की थोरल्या पातीला मुलगा नाही, एकच मुलगी, तर मान कायमचा आमच्याकडे द्या.

काकांनी दोन दिवस टुल्मरांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. मग म्हणाले, ऊर्सुलालाही भाऊ नव्हता. तिच्या नवऱ्याने टुल्मर नाव घेतलं, कौन्सिलाने आकांडतांडव केलं, पण सम्राटाचं पत्र आलं आणि घराण्याचं चिन्ह असलेली ढाल, चर्चातला बाक, मान, सगळं तिच्याकडे राहिलं. हे पान ते गावकीपुढे वाचणार होते. मी उडालोच. म्हटलं, काका, लोक हसतील.

"सम्राटाचा कागद आहे रे," ते म्हणाले. "चुलतभावाकडे कुठल्या सम्राटाचा कागद आहे?"

शुक्रवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून ते खाटेवर ताठ बसले. गावात मुलीने, शुभदाने, व्हिडिओ कॉल लावून गावकीच्या सभेत कुणाकडे तरी फोन दिला होता. त्याने तो नारळांच्या ढिगाला टेकवून ठेवला असावा, कारण आम्हाला देवळाचा एक खांब आणि कुणाचं तरी कोपर एवढंच दिसत होतं. काकांनी दहा मिनिटं ऊर्सुला वाचली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो, आता हशा पिकणार म्हणून. पण कोणीच हसलं नाही. मग एका तरुण पोराचा आवाज आला.

"हे बोलतायत कोण?"

"काय माहीत नाय बा," दुसरा म्हणाला. "कोण आपले आहेत काय?"

हसले असते तर बरं झालं असतं. टुल्मरांच्या चौदा पिढ्या न अडखळता सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येईना.

तेवढ्यात लांबून, बायका बसतात त्या बाजूने, आवाज आला.

"ते माझे बाबा आहेत. पहिला खांदा त्यांचा. ते येईपर्यंत तो मी देणार."

मग एकच गलका झाला, कोणीतरी तिला खाली बस म्हणालं, ती बसत नाही म्हणाली, आणि लाइन तुटली. मी म्हटलं, काका, पुन्हा लावा, गावकीने काय ठरवलं ते तरी कळू दे.

काका काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत होते.

"ते कळेल रे," ते म्हणाले. "पण फोन खांबाकडे होता. उभी राहिली तेव्हा कशी दिसली असेल ती?"