ठकीची नवी दोरी

२०२२ सालची गोष्ट. केळव्याला पंढरी आणि उषाकाकूंनी सुपारीच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि पोहायला लहानसा तलावही बांधला. हा हिवाळा रिकामा गेला तर वाडी विकून लेकाकडे वसईला जायचं, असं ठरलं होतं. वसईचं नाव निघालं की काकू ताटावरून उठायच्या.

नाताळचे पहिले पाहुणे शनिवारी दुपारी यायचे होते. पंढरींनी जन्मभर बोयसरच्या कारखान्यात मोटारी सांभाळलेल्या; वायरमनला बोलवायचं म्हणजे कमीपणा. त्यांनी स्वयंपाकघरातून वायर काढली, मध्ये जोड दिला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि अंगणावरून ती थेट तलावाच्या पंपापर्यंत ताणली. शुक्रवारी पंप छान चालला. शनिवारी सकाळी बटण दाबताच घरातली ट्रिप, म्हणजे वीज कुठे गळाली की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, पडली.

"तुझा मिक्सर," पंढरी म्हणाले.

"तो फळीवर आहे."

ट्रिप पुन्हा पडली. देवघरातली दिव्यांची माळ काढली, पंखे बंद केले.

"फ्रीज काढ."

"आत पाहुण्यांची पापलेटं आहेत."

"मग पापलेटांना सांग, जरा धीर धरा."

पापलेटांनी धीर धरला, ट्रिपने नाही. पंढरींनी पेचकस उचलला. "ट्रिपच खराब आहे. ती काढून सरळ जोडतो."

काकू बोर्डासमोर उभ्या राहिल्या. "त्या पाण्यात लोकांची पोरं उतरणार."

"अगं, कारखान्यात मी असं कितीदा..."

"कारखान्यात पोरं पोहत नव्हती."

"आणि पाहुणे परत गेले तर?"

"जाऊ देत. वसईला राहीन मी," काकू म्हणाल्या, आणि तिथून हलल्या नाहीत.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "उषाताय, भाऊनी दोरी जाडजूड बांधली हाय यंदा. आमची जुनी लय लोंबायची."

किनाऱ्यावरची ठकी दर हिवाळ्यात काकूंच्या अंगणात बोंबील वाळवायची. तलावासाठी तिची दोरी पंढरींनीच सोडली होती. आता पहाटेपासून वायरवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील लोंबत होते, समुद्राच्या पाण्याने निथळत. नेमकं जोडावरच पाणी थेंब थेंब गळत होतं. ठकी दुसरी पाटी घेऊन आली होती.

पंढरींनी मेन स्विच पाडला, प्लग उपसला आणि ते पायरीवर बसले.

"भाऊ असे पांढरे का पडले?"

"तू आधी लांब हो, ठके," ते कसंबसं म्हणाले. मग काकूंकडे न बघता, "ट्रिप चांगली आहे."

पाहुण्यांना काकूंनी दारातच सांगितलं, "तलाव बंद आहे. राहायचं तर राहा." ते जरा कुरकुरले, जेवले, आणि आणखी एक दिवस राहिले.

पुढच्याच आठवड्यात पालघरहून परवानाधारक वायरमन आला. पंपाला वेगळी लाईन, जमिनीखालून पाइपातली वायर, अर्थिंग, स्वतंत्र ट्रिप, सगळं झालं. पंढरी आता कुणाकडे गेले तर आधी बोर्ड बघतात, मग चहा घेतात. ठकीला परसात नायलॉनची दोरी मिळाली. "तितं वारा नाय," अशी तिची तक्रार चालूच असते. हिवाळा रिकामा गेला नाही, वाडी विकली नाही. आणि समुद्राकाठी जन्म काढून कधी गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेल्या उषाकाकू, पाहुणे दुपारी झोपले की, लुगडं खोचून तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात.