फकिराला काढायचं ठरलं तेव्हा

सुधाकररावांनी फकिराला नोकरीवरून काढायचं ठरवलं, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

आदिलाबादकडच्या बेला गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानात नोकर दोन. पंचफुला आलेल्या बाईला साडी विकायची, सोबत परकर विकायची आणि सहज म्हणून नवऱ्यासाठी एक शर्टपीसही बांधून द्यायची. तेलुगू गिऱ्हाईक आलं तर तेलुगूत बोलायची, गोंड बाया आल्या तर गोंडीत. फकिरा गठ्ठ्यांना टेकून झोपायचा. त्याला कामावर घेतलं त्या दिवशी बाजारातला एक बैल दुकानात शिरला होता. फकिरानं त्याच्या कपाळावर हात ठेवून त्याला उलट्या पावलांनी हळूच पायरीखाली उतरवलं. सुधाकरराव इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे त्याला नोकरी दिली. त्यानंतर दुकानात बैल काही आला नाही, त्यामुळे फकिराला काम असं उरलं नाही.

काढायचं ठरलं खरं, पण सुधाकररावांना कुणाला तोंडावर वाईट बोलता येत नसे. एकदा त्यांनी धीर करून विषय काढला.

"फकिरा, तुले इथं कंटाळा येत असंल ना?"

"नाई मालक," फकिरा डोळे चोळत म्हणाला. "इथं लय बरं वाटते. घरी मले झोपच लागत नाई."

सुधाकररावांनी घरी येऊन बायकोला, आशाबाईंना, हे सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"मी सांगू काय त्याले?"

"नको. जीव दुखंल त्याचा."

"मंग देऊन टाका दुसऱ्या कोणाले," आशाबाई वैतागून म्हणाल्या.

सुधाकररावांना हे एकदम पटलं. रस्त्याच्या पलीकडे उद्धवरावांचं कापडाचंच दुकान होतं. सुधाकररावांनी पंखा बसवला की उद्धवराव दोन बसवायचे. सुधाकररावांनी काचेचं कपाट आणलं, तेव्हा उद्धवरावांनी आदिलाबादहून आरशाचं आणलं. तेव्हा फकिरा त्यांना हवासा वाटेल, एवढंच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव चहाच्या टपरीवर दिसताच सुधाकरराव शेजारी जाऊन बसले आणि चहावाल्याला सांगू लागले, "फकिरा म्हंजे सोनं आहे, सोनं. गिऱ्हाईक किती का चिडेना, तो तापत नाई. उलटून बोलत नाई. दिवसभर दुकान सोडून हालत नाई." यातला एकही शब्द खोटा नव्हता. उद्धवरावांचा चहा बशीतच निवला.

दोन दिवसांनी फकिरा भरदुपारी जागा होता. डोळे पाणावलेले होते.

"मालक, मले उद्धवरावानं बोलावलं होतं. जास्त पगार देतो म्हणे."

"मंग? जा ना बाबा. तुह्यं चांगलं होत असंल तर मी कायले आडवू?"

"तुमी माह्याबद्दल काय काय बोलले, ते सारं त्यायनं मले सांगितलं. असा मालक सोडून जाऊ काय मी? तोंडावर नाई म्हणून आलो." एवढं बोलून फकिरा समाधानानं गठ्ठ्यावर कलंडला.

उद्धवरावांनी आणखी पगार वाढवून दिला. फकिरानं पुन्हा नाही म्हटलं. आता तर बेल्यात त्याच्या इमानाचा बोलबाला झाला. लोक साडी घ्यायला नाही, तर फकिराला पाहायला येऊ लागले, आणि तो झोपलेला पाहून हळू आवाजात बोलू लागले.

पंचफुला चार दिवस साड्यांच्या घड्या आपटून ठेवत राहिली. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "मालक, टपरीवर माह्याबद्दल काय बोलले तुमी?"

सुधाकरराव गडबडले. खरं कारण सांगावं, तर फकिरा हाताच्या अंतरावर पडलेला, आणि नेमका आज तो घोरतही नव्हता.

"तुह्यं काय सांगाचं? तू तर आहेसच."

"होती," पंचफुला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोर उद्धवरावांच्या दुकानात साडीचा पदर उलगडून दाखवताना दिसली.

दिवस लग्नसराईचे होते. कापूस विकून लोकांच्या हाती पैसा आलेला. भीमपूरच्या लग्नघराचा बस्ता बांधून ठेवला होता आणि शेजारी तलमडुगुच्या शाळेसाठी खाकी कापडाचा गठ्ठा. दोन्ही गठ्ठे आपापल्या गावच्या बसवर चढवायचं काम फकिराकडे आलं आणि त्यानं ते लगेच केलं. संध्याकाळी तलमडुगुच्या गुरुजींचा फोन आला, की शाळेत जरीचा शालू आलाय, तो कितवीच्या वर्गासाठी आहे?

सुधाकररावांनी लुना काढली. भीमपूरला पोचले तेव्हा खाकी कापड मांडवाला बांधून झालं होतं. नवऱ्या मुलाच्या आत्यानं त्यांना खाटेवर बसवलं आणि शालू येईपर्यंत उठू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते धुळीनं माखून दुकानात आले, तेव्हा फकिरानं सरकून त्यांना गठ्ठ्यांवर जागा करून दिली.

"दमले असान मालक. जरा आडवे व्हा."

सुधाकरराव तसेच पंचफुलाच्या घरी गेले.

"येईन मी," ती म्हणाली. "पन दुकान माह्या मनानं चालंल. कोणाले ठेवाचं, कोणाले काढाचं, ते मी ठरवीन."

"कबूल," सुधाकरराव ती पुरतं बोलायच्या आतच म्हणाले. फकिरा जाणार होता आणि ते सांगायला त्यांना तोंड उघडावं लागणार नव्हतं. ही बातमी त्यांनी आशाबाईंनाही दिली. उद्धवरावांनी पंचफुलाला अडवलं नाही. त्यांना हवा होता फकिरा.

पंचफुलानं येऊन आठवडाभर नुसतं पाहिलं. मग एका सकाळी ती म्हणाली, "मालक, दुकानात एक माणूस जास्त आहे."

"मलेही तसंच वाटे," सुधाकरराव आवाज उतरवून म्हणाले. "पन त्याले सांगाचं कसं?"

"सरळ सांगाचं. फकिरा झोपते, पन कोणाच्या मधात येत नाई. गठ्ठे उचलाले नाई लावले का त्याचा काई तरास नाई. मी बाईले एक साडी दाखवून राह्यली का तुमी चार काढता. तिनं भाव पाडाच्या आधी तुमीच पाडता. आजपासून तुमी घरी राहा. संध्याकाळी हिशेब आणून देईन."

कबूल तर सुधाकररावांनी केलंच होतं.

रडला फक्त फकिरा. पायरीपर्यंत पोचवायला आला. "मी बोलून पाहू काय पंचफुलाबाईसंग?" असंही त्यानं विचारलं. सुधाकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चपला घातल्या.

भरदुपारी नवरा घरी आलेला पाहून आशाबाई दारात आल्या.

"काढलं काय एकदाचं?"

"काढलं," सुधाकरराव म्हणाले, आणि हातपाय धुऊन खाटेवर आडवे झाले.